विषय: गॅरेज, कंटेनर आणि मंडळाच्या हरवलेल्या लेझीम

नेरूळहून, 9 मे 2025

नमस्कार मंडळी,

आधी कबुली देतो. गेल्या गणपतीपासून मंडळ ज्या 24 लेझीम शोधतंय, त्या माझ्याकडे आहेत. मिरवणुकीनंतर आमच्या न्यू जर्सीतल्या एडिसनच्या गॅरेजमध्ये ठेवल्या होत्या. अमेरिका सोडून इकडे परतताना सामान बांधायला आलेल्या पोरांनी गॅरेजमधलं जे दिसेल ते खोक्यात भरलं, आणि आपल्या लेझीम कंटेनरमधून थेट न्हावा-शेव्याला उतरल्या. परत पाठवतो, पण त्याआधी त्या खोक्यापर्यंत पोचायला हवं.

ती अडचण अशी. वडिलांनी घेतलेल्या या रो-हाउसला तळाशी गाडीपुरती शटरची जागा आहे, साधारण 10 बाय 18 फूट. तिच्यात आत्ता माझी 61 खोकी आहेत. त्यामागे आईची पितळी भांडी, दोन पत्र्याच्या ट्रंका, बाबांची स्कूटर, गाद्यांची वळकटी आणि कशाची ते कुणालाच आठवत नाही अशी एक पेटी. नवी गाडी गल्लीत उन्हात उभी आणि आमचे ख्रिसमसचे दिवे सावलीत, असा प्रकार आहे. काल आईने शटर वर केलं, समोरच बर्फ उपसायचं फावडं दिसलं. ती काही बोलली नाही. शटर खाली केलं, झालं.

एडिसनला माझं गॅरेज बघायला लोक यायचे, हे तुम्हाला माहीत आहे. इथे काय करू ते सुचत नाही. मृग लागायच्या आत, म्हणजे 7 जूनपर्यंत, हे उरकायचं आहे.

तुमचा,
नेरूळकर (माजी एडिसनकर)

एडिसनहून, 9 मे

अरे, लेझीम सापडल्या! मी उगाच गेले आठ महिने लायब्ररीवाल्यांवर संशय घेत होतो.

गॅरेजचं म्हणशील तर तुझंच सूत्र तुला परत देतो. एका शनिवारी सगळं बाहेर काढायचं, ड्राइव्हवेवर ढीग घालायचे: ठेवायचं, द्यायचं, टाकायचं. वर्षभर हात लागला नसेल तर गेलं. मग एकाच मापाचे झाकणाचे प्लॅस्टिकचे डबे आणून रांगेने लाव. तुझे छताला टांगलेले रॅक तर मी जसेच्या तसे उचलले होते. भिंतीतला लाकडी खांब दर 16 इंचांवर सापडतोच, त्यात स्क्रू मारला की पेगबोर्ड (अवजारं टांगायचा भोकांचा फळा), सायकलींचे हूक, शिडी, सगळं भिंतीवर आणि जमीन मोकळी. रंगाचे डबे तेवढे घरात ने, थंडीत गोठले की पाण्यात मिसळायचा रंग फाटतो... हे तुला नेरूळला कशाला सांगतोय मी!

मंडळाचं मखर सध्या आमच्या गॅरेजमध्ये आहे. आता गाडी बाहेर असते.

— एडिसनचा दादा

पाचपाखाडी, ठाणे, 10 मे

दादा, तुमचा ड्राइव्हवे तिथे. इथे नेरूळच्या गल्लीत सामान बाहेर मांडलं तर संध्याकाळपर्यंत तीन भंगारवाले भाव करून जातील आणि चौथा न विचारता घेऊन जाईल. तसं झालं तर नेरूळकरांचं काम अर्ध्यावर येईल, हेही खरं.

दहा वर्षं मी आमच्या सोसायटीच्या कमिटीवर आहे, म्हणून एक सांगते. ज्यांच्याकडे नेरूळकरांसारखी भिंती असलेली जागा आहे त्यांनी देवाचे आभार मानावेत. आमच्याकडे खांबांवरच्या इमारतीखालचं पार्किंग असतं आणि लोक त्यालाच गॅरेज म्हणतात. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं की असं उघडं पार्किंग म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ते वेगळं विकता येत नाही. पुढे रेराच्या, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणाऱ्या, कायद्यातही गॅरेजला छप्पर आणि तीन बाजूंना भिंती हव्यात असं आलं. तरी आमच्या बी विंगमधल्या गृहस्थांचा सोफा तिसरं वर्ष खांबाला टेकून आहे. उद्या तिथून आगीचा बंब जायचा झाला तर आधी सोफा उचलायला माणसं शोधावी लागतील. असो, माझं दुखणं मी इथे कशाला काढलं!

नेरूळकर, पुठ्ठ्याची खोकी पहिल्यांदा बाहेर काढा. पुठ्ठ्याच्या दोन कागदांमध्ये जी नळीदार घडी असते, ती म्हणजे झुरळांचं बाळंतपणाचं घर. वाळवीलाही पुठ्ठा लागतोच, जमिनीला टेकलेला असला तर जास्तच. आणि गॅसचा भरलेला जादा सिलिंडर बंद शटरच्या आत अजिबात ठेवू नका. तो गॅस हवेपेक्षा जड, गळला तर जमिनीलगत साचून राहतो. थिनर, रॉकेल, जुन्या इन्व्हर्टरची बॅटरीही तिथे नको.

— पाचपाखाडीच्या काकू

ऐरोलीहून, 10 मे

सर्वांस नमस्कार. मुलाकडे एडिसनला सहा-सहा महिने राहायला यायचो तेव्हापासून मंडळाच्या या ईमेल यादीत आहे, बहुधा वाचतो आणि गप्प बसतो. पण विषय बांधकामाचा निघाला, आणि मी निवृत्त सिव्हिल इंजिनियर.

दादांचा सल्ला कोरड्या, लाकडी घराचा आहे. आपल्याकडे भिंत विटांची किंवा ब्लॉकची. तिच्यात प्लग ठोकून स्क्रू बसवावा लागतो आणि गिलाव्यात बसवलेला प्लग वजन घेत नाही, तो आत विटेत जायला हवा. हलक्या, सच्छिद्र ब्लॉकची भिंत असेल तर जड वस्तू टांगूच नये. जमिनीवर उभा राहणारा लोखंडी अँगलचा रॅक बरा, वरचं टोक तेवढं भिंतीला बांधून ठेवायचं.

खरा प्रश्न पाण्याचा आहे, आणि ते तीन वाटांनी येतं. शटरखालून येतं ते दिसतं. जमिनीतून चढतं ते दिसत नाही. नवी मुंबईचा बराच भाग खाडीकाठच्या सखल जमिनीवर भराव घालून उभा राहिला. भरतीचं पाणी अडवायला आणि पावसाचं साठवायला नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोला होल्डिंग पाँड करावे लागले, ते त्यामुळेच. तिसरी वाट हवेची. पावसात हवेत इतकी आर्द्रता असते की गार फरशीवर तिचे थेंब जमतात.

तुमच्याकडे कोणतं पाणी आहे ते आधी ओळखा. दोन फुटांचा प्लॅस्टिकचा तुकडा कोरड्या फरशीवर पसरा, चारही कडा चिकटपट्टीने बंद करा आणि दिवस-रात्र तसाच ठेवा. प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब दिसले तर ओल जमिनीतून येतेय. वरच्या बाजूला दिसले तर हवेतून. भिंतीला पांढरी भुकटी, म्हणजे लोणा, सुटत असेल तर आतून ओलप्रतिबंधक रंग मारून पैसे घालवू नका. पाणी मागून ढकलत राहतं आणि तो रंग फुगून पडतो. बाहेरच्या बाजूने दुरुस्ती करावी लागते.

आणि शेल्फ करायचंच असेल तर कडप्प्याचं करा. त्याला वाळवी नाही, गंज नाही, फुगणं नाही. आपल्या आयांचं स्वयंपाकघर त्याच्यावरच चाललं.

— ऐरोलीचे अण्णा

नेरूळहून, 28 मे

अण्णा, काकू, दादा,

मृगाची वाट बघत बसलो आणि पाऊस 26 मेलाच आला. मुंबईची नेहमीची तारीख 11 जून, तिच्या सोळा दिवस आधी! तोवर माझी 61 पैकी 40 खोकी जमिनीवरच होती.

पण अण्णांचा प्लॅस्टिकचा तुकडा पाऊस यायच्या चार दिवस आधी लावून झाला होता, ते बरं झालं. दोन ठिकाणी लावला. शटरजवळचा तुकडा कोरडा निघाला, मागच्या भिंतीजवळच्याच्या खाली थेंब. म्हणजे सगळं अडगळीचं सामान आपण 'आत, सुरक्षित' म्हणून जिथे रचतो, तीच जागा सगळ्यात ओली. ही गोष्ट मला 19 वर्षांच्या अमेरिकन गॅरेजने शिकवली नसती. तिथे मागची भिंत घरालाच लागून, सगळ्यात उबदार.

त्यामुळे 26 तारखेला, पाऊस चालू असताना, आम्ही सगळं उलटं केलं. म्हणजे आईने केलं. मी रॅकचा नकाशा काढला होता: खेळ, अवजारं, सण, कपडे, कागदपत्रं. तिने कागद बघितला आणि विचारलं, "ह्यात आषाढ कुठंय?" मला वाटलं थट्टा करतेय. तशी नव्हती. वस्तू काय आहे यापेक्षा ती कधी लागते, हे तिच्या डोक्यात पक्कं असतं. गाद्या-गोधड्या वैशाखातल्या उन्हात तापवून बंद करायच्या, त्या मार्गशीर्षापर्यंत कुणी उघडत नाही, म्हणून सगळ्यात वर. मखर आणि समया श्रावणात, पाऊस पडत असतानाच बाहेर काढायच्या असतात, म्हणून त्या शटरजवळ, हाताच्या उंचीवर. पणत्या, आकाशकंदील त्यांच्या मागे, कारण ते गणपतीनंतर लागतात. रेनकोट, छत्र्या आणि मुलांचे गमबूट दारातच. मागच्या ओल्या भिंतीजवळ काय, असं मी विचारलं. ती म्हणाली, "ओलीला जे भीत नाही ते." म्हणजे पितळ, कुंड्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि बाबांची स्कूटर. स्कूटर भिजायला घाबरत नाही, ती 1990 पासून भिजतेच आहे.

डबे पारदर्शक आणले. रंगीत झाकणं, छापील चिठ्ठ्या हे माझे एडिसनचे थाट तिने बाजूला केले. डब्यांवर खडूने महिना लिहिलाय, तिच्या अक्षरात. रॅकचा सगळ्यात खालचा कप्पा फरशीपासून नऊ इंच वर आणि भिंतीपासून चार इंच लांब ठेवला, मागून वारा जावा म्हणून. शटरच्या कडेला बोटभर फट होती. उंदराचं पिल्लू पेन्सिलीएवढ्या फटीतूनही येतं असं ऐकलंय, म्हणून तिथे जाळी ठोकली.

काकू, पुठ्ठा सगळा गेला. रद्दीवाला खूश आहे.

दोन खोकी पूर्ण भिजली. एकात माझ्या कॉलेजच्या वह्या होत्या. वाळत घातल्या, दोन दिवसांनी वास आला, टाकल्या. त्याचं मला वाटायला हवं होतं तेवढं वाईट वाटलं नाही. लेझीम कोरड्या आहेत.

— नेरूळकर

एडिसनहून, 28 मे

खडूने महिना! मी आज माझ्या 'मिसलेनियस' लिहिलेल्या सहा डब्यांकडे बघितलं. एकही उघडायची हिंमत झाली नाही.

एक विचारायचं राहिलं. डबे घट्ट बंद केले की आत ओल कोंडत नाही का?

— दादा

ऐरोलीहून, 29 मे

दादांचा प्रश्न बरोबर आहे. डबा ज्या दिवशी बंद करतो त्या दिवसाची हवा आत कोंडली जाते. मेच्या कडक उन्हात कपडे तापवून, ते गार झाल्यावर बंद केलं तर आत कोरडं राहतं. जुलैत उघडून पुन्हा बंद केलं तर बुरशी नक्की. म्हणून पावसाळ्यात लागणाऱ्या आणि न लागणाऱ्या वस्तू एका डब्यात नकोत. मातोश्रींनी हेच केलंय, फक्त माझ्यासारखं कारण सांगत बसल्या नाहीत. सिलिकाच्या पुड्या टाकायच्या तर रंग बदलणाऱ्या आणा, ओल शोषून भरल्या की मंद ओव्हनमध्ये तापवून परत वापरता येतात. वेखंडाचे तुकडे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला लोकरीत ठेवायची पद्धतही चालू द्या. डांबरगोळ्या मुलांच्या कपड्यांत नकोत.

— अण्णा

नेरूळहून, 30 ऑगस्ट

मंडळी,

दीड दिवसाचा गणपती आनंदात झाला. मखर 20 तारखेला पाच मिनिटांत बाहेर आलं. आमच्या घरी असं कधी झालं नव्हतं. पूर्वी बाबा आणि मी चतुर्थीच्या आदल्या रात्री माळ्यावर चढायचो आणि एकमेकांवर ओरडायचो.

पण त्याआधी 18-19 तारखेचा पाऊस झाला. शटरखालून चिखलाचं पाणी आत आलं, साधारण चार बोटं. रॅकवरचं काही भिजलं नाही. पाणी ओसरल्यावर फरशीवर जो गाळ राहिला तो झाडूने हलेना. शेवटी ते बर्फाचं फावडं काढलं. शेजारचे दोघं ते मागून घेऊन गेले, अजून परत आलेलं नाही.

आता लेझीम. डिसेंबरमध्ये कोण इकडे येतंय आणि बॅगेत जागा ठेवून परत जातंय, ते कळवा. एका बॅगेत 23 किलो बसतात, तेव्हा दोघं लागतील. आणि पोचतील त्या 22. दोन लेझीम आईने शटरच्या आतल्या बाजूला, छत्र्यांच्या जागी आडव्या टांगल्यात. साखळीत छत्रीचा हूक बरोबर अडकतो. मी विचारून पाहिलं. ती म्हणाली मंडळाला सांग, दोन नव्या घेऊन देते.

— नेरूळकर