टीडीएस ० येतो तरी काचेवर तपकिरी थर, आणि डीआय रेझिन महिना-दीड महिन्यात संपतं

झेनिया:
खाऱ्या पाण्याचा कोरल टँक, २०० लिटरचा. सॉफ्ट कोरल आणि थोडे एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल). पाणी घरच्या पिण्याच्या आरओमधून घेतो, पुढे १० इंची उभ्या हाउसिंगमध्ये रंग बदलणारं मिक्स्ड बेड डीआय रेझिन (आरओनंतर उरलेले आयन पकडणारे मणी) आहे. मेम्ब्रेन ७५ जीपीडीचं (दिवसाला ७५ गॅलन). टीडीएस (विरघळलेले क्षार, पीपीएममध्ये): नळाचं पाणी ४२०, आरओनंतर ३८, डीआयनंतर ०.

दोन अडचणी आहेत. नवं रेझिन भरलं की महिना-दीड महिन्यात पूर्ण रंग बदलतो. आणि मीटर ० दाखवत असतानाच काचेवर, वाळूवर तपकिरी थर धरतो. पुसला की दोन दिवसांत परत. नायट्रेट ५ च्या आत, फॉस्फेट ०.०५ च्या आसपास. डीआयचं हाउसिंग मोठं घेऊ का? आणि बाष्पीभवनाची रोजची भर (साधारण ४ लिटर) नुसत्या आरओच्या पाण्याने केली तर चालेल का?

गाळणी:
मोठं हाउसिंग नको. तुमचं दुखणं रेझिनच्या आधी आहे. ४२० मधून ३८ वजा केले, ४२० ने भागलं: ९१ टक्के. चांगल्या स्थितीतलं ७५ जीपीडी मेम्ब्रेन ९६ ते ९८ टक्के क्षार अडवतं, म्हणजे आरओनंतर तुम्हाला ८ ते १७ दिसायला हवेत. रेझिनचं आयुष्य त्याच्यात शिरणाऱ्या क्षारांवर ठरतं. ३८ चे १० झाले की तेच रेझिन जवळपास चौपट पाणी देईल, एक पैसा जास्त न घालता.

या क्रमाने तपासा:

पहिलं, टीडीएस कंट्रोलर. पिण्याच्या प्युरिफायरमध्ये एक छोटा स्क्रू असलेला व्हॉल्व्ह असतो, तो चवीसाठी थोडं न गाळलेलं पाणी शुद्ध पाण्यात मिसळतो. पूर्ण बंद करा. मिनरल कार्ट्रिज आणि मागचा कार्बनही मध्ये ठेवू नका. मेम्ब्रेनमधून निघणाऱ्या नळीलाच टी लावा आणि तिथून डीआयकडे न्या.

दुसरं, दाब. मेम्ब्रेनच्या लगेच आधी गेज बसवा, नळाजवळ नव्हे. आधीचा फिल्टर तुंबला असेल तर नळाजवळचा आकडा छान आणि मेम्ब्रेनवरचा वाईट असं होतं. ६० पीएसआयच्या आसपास हवं, ४० च्या खाली क्षार अडवणं घसरतं. वरच्या टाकीचा भरवसा धरू नका, १० मीटर उंचीला जेमतेम १४ पीएसआय मिळतात. सगळं काम बूस्टर पंपच करतो.

तिसरं, शुद्ध पाणी आणि सांडपाणी यांचं प्रमाण. मोजपात्र घ्या, दोन्ही नळ्यांखाली एकेक मिनिट धरा. एकास तीन ते एकास चार हवं. सांडपाणी कमी दिसलं की लोक खूश होतात, पण तेवढे क्षार मेम्ब्रेनवरच बसतात.

चौथं, मेम्ब्रेन बाहेर काढून रबर बघा. मधल्या नळीवरच्या दोन बारीक ओ-रिंगपैकी एक जरी चिरली असेल तर कच्चं पाणी सरळ शुद्ध पाण्यात उतरतं. बसवताना सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेली नको, रबर फुगतं.

आणि मीटर भरलेल्या भांड्यात नको, वाहत्या धारेत धरा. मिठाच्या पाण्याला वापरलेल्या मगमध्ये ५-१० सहज जास्त दिसतात आणि मग माणूस उगीच मेम्ब्रेन बदलतो.

ब्राइन:
गाळणी यांनी मेम्ब्रेनचं सांगितलं, मी तपकिरी थराचं सांगतो. बहुतेक डायटम (एकपेशीय तपकिरी शैवाल) असणार, आणि डायटमला सिलिका लागते. टीडीएस मीटर खरं तर विद्युतवाहकता मोजतो. विरघळलेली सिलिका नेहमीच्या पीएचला बहुतांश आयनरूपात नसतेच, त्यामुळे मीटरला ती जवळजवळ दिसत नाही. मीटर ० आणि पाण्यात सिलिका, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

रेझिन सिलिका पकडतं, पण फार सैल. ॲनायन रेझिनवर (ऋण आयन पकडणारा भाग) सल्फेट, नायट्रेट, क्लोराइड घट्ट बसतात. बायकार्बोनेट आणि सिलिका शेवटच्या रांगेत. जागा संपत आली की घट्ट बसणारे येऊन सैल बसलेल्यांना ढकलून देतात. म्हणून संपत आलेल्या रेझिनमधून येणाऱ्या पाण्यात सिलिका आरओच्या पाण्यापेक्षाही जास्त असू शकते. मीटर ० वरून १-२ वर हलेपर्यंत ही भर टाकीत पडून गेलेली असते. 'दोन पीपीएमने काय होतंय' असं म्हणणाऱ्यांशी माझं इथेच जमत नाही. ते दोन कशाचे आहेत हे मीटर सांगत नाही.

यावर उपाय म्हणजे दोन डीआय हाउसिंग एकामागे एक. मीटरचा प्रोब दोघांच्या मध्ये. मधला आकडा ० वरून हलला की पहिलं रेझिन टाकून द्या, दुसरं पहिल्याच्या जागी आणा, नवं दुसऱ्यात भरा. रेझिन उभ्या हाउसिंगमध्येच ठेवा, पाणी खालून वर. आडव्या नळकांड्यात रेझिन खाली बसतं, वर पोकळी राहते आणि पाणी त्या पोकळीतून निघून जातं. भरताना थापट्या मारून दाबा, शिल्लक रेझिन ओलसर आणि हवाबंद ठेवा.

भरीच्या पाण्याचं उत्तर: नाही. बाष्पीभवनात फक्त पाणी जातं, बाकी सगळं टँकमध्ये राहतं. रोज ४ लिटर म्हणजे वर्षाला १४६० लिटर. भरीच्या पाण्यात लिटरला ५ मिलीग्रॅम नायट्रेट असेल तर वर्षाची भर ७.३ ग्रॅम, २०० लिटरला भागलं तर ३६ मिलीग्रॅमपेक्षा जास्त. पाणी बदलण्यापेक्षा भरीचं पाणीच जास्त शुद्ध लागतं, लोक नेमकं उलट करतात.

खारेपाणी:
सिलिकाचं बरोबर, पण सगळा दोष पाण्याला देऊ नका. टँक नवा असेल तर वाळू आणि दगड स्वतः सिलिका सोडतात आणि थर काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. आधी सिलिकेट किट आणा आणि टँकच्या नव्हे, डीआयच्या पाण्यावर चाचणी करा. टँकमधली सिलिका डायटम खाऊन टाकतात, तिथला आकडा कमी येतो आणि फसवतो. चाचणी काचेऐवजी प्लास्टिकच्या स्वच्छ भांड्यात.

दुसरा मुद्दा कार्बनचा. मेम्ब्रेन पॉलिॲमाइडचं असतं, मोकळ्या क्लोरीनने ते कायमचं खराब होतं. मेम्ब्रेनमधून सांडपाण्याच्या नळीत येणाऱ्या पाण्याची टोटल क्लोरीन चाचणी करा, शून्य हवी. फ्री क्लोरीनची पट्टी पुरेशी नाही, क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) तिला दिसत नाही. पाण्यात क्लोरामाइन असेल तर दाणेदार कार्बनच्या छोट्या कार्ट्रिजऐवजी कार्बन ब्लॉक लावा, शक्यतो दोन, आणि पाणी सावकाश जाऊ द्या. कार्बन क्लोरामाइन फोडतो तेव्हा अमोनिया सुटतो, तो थोडा मेम्ब्रेनच्या पार जातो आणि कॅटायन रेझिनने (धन आयन पकडणारा भाग) पकडावा लागतो. म्हणजे रेझिनकडे दुर्लक्ष करायची मुभा तिथेही नाही. पाणी उकळून किंवा रात्रभर उघडं ठेवून क्षार जात नाहीत. उकळल्यावर उलट घट्ट होतात.

आणि बोअरवेलचं पाणी असेल तर विरघळलेला कार्बन डायऑक्साइड. वायू मेम्ब्रेनला अडत नाही, थेट ॲनायन रेझिन खातो, त्यामुळे टीडीएस कमी असूनही रेझिन लवकर संपतं. नळाच्या पाण्याचा पीएच घ्या, एअरस्टोनने २४ तास हवा द्या, परत घ्या. ७ चा ८ च्या आसपास गेला तर वायू भरपूर आहे असं समजा. मग आरओचं पाणी झाकण सैल असलेल्या पिंपात हवा देत ठेवायचं आणि लहान पंपाने डीआयमधून काढायचं.

झेनिया:
मोजलं. कंट्रोलर बंद केल्यावर आरओनंतर ३८ चे २४ झाले, म्हणजे ९४ टक्के. मेम्ब्रेनवर ४५ पीएसआय. शुद्ध पाणी मिनिटाला १३० मिली, सांडपाणी १७०. रिस्ट्रिक्टरवर (सांडपाण्याची धार रोखणारा तुकडा) ४५० लिहिलंय. टोटल क्लोरीन शून्य. ओ-रिंग धड आहेत. पाणी पालिकेचं, बोअरचं नाही.

गाळणी:
सापडलं मग. ४५० च्या रिस्ट्रिक्टरमधून मिनिटाला ४५० मिलीच्या आसपास सांडपाणी यायला हवं आणि त्यातून १७० येतंय, म्हणजे तो क्षारांनी बुजलाय. तो बुजला म्हणून प्रमाण एकास सव्वा-दीडवर आलं, तसं झालं म्हणून मेम्ब्रेनवर चुना बसला. आता नुसतं मेम्ब्रेन बदललं तर तेही काही महिन्यांत असंच होईल. दोन्ही एकत्र बदला. ७५ जीपीडी म्हणजे पूर्ण दाबाला मिनिटाला साधारण २०० मिली शुद्ध पाणी. त्याला ८०० चा रिस्ट्रिक्टर घ्या. सांडपाण्यात टाकाऊ असं काही नाही, फरशी-संडासला वापरा.

नव्या मेम्ब्रेनचं पहिलं १५-२० लिटर शुद्ध पाणी फेकून द्या, तेवढा वेळ डीआय सुटा ठेवा. त्यात जपणुकीचं रसायन असतं. एकदा ओलं झालेलं मेम्ब्रेन पुन्हा सुकू देऊ नका.

दाब ४५ चा ६० करायचा तर आधी सेडिमेंट आणि कार्बन बदलून बघा. तरी नाही वाढला तर पंपाचा डायफ्रॅम थकलाय.

ब्राइन:
एक राहिलं. प्युरिफायर दिवसभर दोन-दोन लिटरसाठी चालू-बंद होत असेल तर प्रत्येक सुरुवातीला पहिली दोन-तीन मिनिटं शुद्ध बाजूचा टीडीएस चढलेला असतो, कारण थांबलेल्या वेळात क्षार मेम्ब्रेनच्या पलीकडे हळूहळू सरकतात. ती भर रेझिन खातं. डीआयच्या आधी तिहेरी व्हॉल्व्ह लावा, आकडा खाली स्थिरावेपर्यंत पाणी सांडपाण्यात सोडा, मग डीआयकडे वळवा. एका वेळी ४०-५० लिटर भरून ठेवा, खाद्यपदार्थांसाठीच्या झाकणाच्या एचडीपीई पिंपात. आरओच्या पुढे पितळी जोड, तांब्याची नळी काही नको. एवढं शुद्ध पाणी धातू खातं, आणि तांबं कोरल-कोळंबीला फार थोड्या प्रमाणातही मारक असतं. साठवलेल्या पाण्याचा टीडीएस १ दिसला तर घाबरू नका, हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळतो तेवढा. पीएच तर बघूच नका, त्यात काही बफर नसल्याने आकड्याला अर्थ नसतो.

झेनिया:
आणि मीठ घोळताना? पाणी आधी की मीठ आधी?

खारेपाणी:
पाणी आधी. पिंपात पंप चालू, त्यात मीठ थोडं थोडं. लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम, ब्रँडप्रमाणे बदलतं. रिफ्रॅक्टोमीटरवर ३५ पीपीटी, म्हणजे १.०२६ च्या आसपास आणा. मिठावर पाणी ओतलं तर तळाशी घट्ट द्रावण होतं, कॅल्शियम कार्बोनेटचा पांढरा गाळ बसतो आणि तो परत विरघळत नाही.