बिअर्डेड ड्रॅगनचं (ऑस्ट्रेलियातली सरड्याची एक जात) पिल्लू आणलंय, हात लावू देत नाही, काय करू?

पॅरामाटाची_आई:
नमस्कार मंडळी, मुलाच्या दहाव्या वाढदिवसाला लायसन्स काढून ब्रीडरकडून सेंट्रल बिअर्डेड ड्रॅगनचं पिल्लू आणलं, तीन महिन्यांचं आहे, नाव ठेवलंय शेंगदाणा. आज पाचवा दिवस. पहिले दोन दिवस दगडाखालून बाहेरच आला नाही, आता येतो पण हात आत घातला की गळा काळा करून तोंड वासतो. काल मुलगा वरून उचलायला गेला तर तो उसळून काचेवर आपटला, लागलं नाही पण मुलगा खूप रडला, म्हणतो मी त्याला आवडतच नाही. खातोही कमी, दिवसाला तीनचार रातकिडे. नवरा म्हणतो रोज हातात घेतलं की माणसाळेल. मला भीती वाटते. तुम्ही कसं केलंत?

ब्रिस्बेनचा_दादा:
ताई आधी मुलाला जवळ घेऊन सांगा की हे त्याच्यावर नाहीये. यांच्या डोक्यावर मधोमध एक बारीक ठिपका असतो बघा, तो तिसरा डोळा, त्याने दिसत नाही पण उजेड आणि सावली कळते. रानात वरून सावली आली म्हणजे ससाणा आला. तुमच्या मुलाचा हातही त्याला तसाच वाटला असणार. म्हणून हात कधीही वरून नाही, बाजूने, त्याला दिसेल असा, आणि उचलताना पोटाखालून, चारही पाय टेकले पाहिजेत. शेपटी धरू नका, पालीसारखी परत येत नाही ती.
आणि निदान आठदहा दिवस उचलूच नका, खाणं पाणी साफसफाई एवढंच करा. मुलाला रोज टाकीसमोर बसून अभ्यास करू दे, मोठ्याने वाचू दे. माझीने पंधरा दिवस मला जवळ फिरकू दिलं नव्हतं, आता संध्याकाळी खांद्यावर झोपते.

मेलबर्न_वहिनी:
दादांचं पटलं पण मी आधी तापमान विचारेन. सध्या हिवाळा आहे, घर गार असेल. दिव्याखालची जागा ४० डिग्रीच्या आसपास हवी आणि दुसरं टोक २५ च्या आसपास, म्हणजे त्याला हवं तिथे जाता येतं. गार असला की खाल्लेलं पचत नाही, मग खातच नाही, आणि आपण म्हणतो रुसलाय. काचेला चिकटवायच्या गोल थर्मामीटरवर विश्वास ठेवू नका, वायरवाला डिजिटल घ्या आणि तो बसतो त्याच दगडावर ठेवून बघा. यूव्हीबीची (उन्हातल्या अतिनील किरणांची) ट्यूब वेगळी लागते, खिडकीतलं ऊन चालत नाही कारण काच यूव्हीबी अडवते.
अजून एक, दिव्याखाली शांत बसून तोंड उघडं ठेवलं तर तो राग नाही, अंगातली उष्णता घालवतोय. गळा काळा आणि फुगवलेला असेल तर मात्र हात मागे घ्या.

पर्थ_रिटर्न:
मी थोडं वेगळं सांगतो. थांबा म्हणजे दुर्लक्ष नको. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर डब्यासकट आठवड्यातून एकदा वजन करा. वजन उतरत गेलं किंवा शी पातळ, वास मारणारी असली तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा डॉक्टर गाठा, शीचा नमुना घेऊन जा, पोटात परजीवी असू शकतात. किडा त्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतराहून मोठा नको, वर कॅल्शियमची पावडर, आणि रात्री उरलेले रातकिडे काढून घ्या, ते झोपलेल्या पिल्लाला चावतात. हात धुणं विसरू नका, यांच्या अंगावर साल्मोनेलाचे जंतू असू शकतात.

पॅरामाटाची_आई:
सगळ्यांचे मनापासून आभार 🙏 वहिनी, मोजलं तर दिव्याखाली फक्त ३१ निघालं! मोठा बल्ब लावला, आता ३९ येतंय. दहा दिवस झाले, काल अकरा रातकिडे खाल्ले. मुलगा रोज समोर बसून पाढे म्हणतो, काल त्याने चिमट्यात वुडी (खायला देतात ते छोटं झुरळ) धरली आणि शेंगदाण्याने ती घेतली, घरात नुसता आरडाओरडा. पण नंतर त्याने एक पुढचा पाय उचलून हळूच गोल फिरवला, मुलगा म्हणतो टाटा केला, खरंच का?

ब्रिस्बेनचा_दादा:
टाटा नाही हो, त्याचा अर्थ मी लहान आहे, मला काही करू नका. पिल्लं मोठ्यांसमोर करतात तसं. मुलाला सांगा, असं केलं की हात जिथे आहे तिथेच ठेवायचा, पुढे न्यायचा नाही, आणि तो स्वतःहून एक पाऊल पुढे येतो का ते बघत बसायचं.