आठव्या हेन्रीला पार्लमेंटचा ठराव कशाला लागला?

हळदवाला_सांगली

मंडळी, मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीची अडत करतो. सौदे उरकले की हमाल पोत्यांची थप्पी लावेपर्यंत पेढीवर बसून वाचायची जुनी खोड. सध्या इंग्लंडच्या ट्यूडर आणि स्टुअर्ट राजांत अडकलोय आणि एक गाठ काही केल्या सुटत नाही.

हेन्रीला पहिली बायको सोडायची होती, पोप परवानगी देईना, म्हणून पठ्ठ्याने पोपलाच सोडलं. इथवर ठीक. पण १५३४ मध्ये तो इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला तो पार्लमेंटच्या कायद्याने. का? दोन बायकांची डोकी उडवणाऱ्या माणसाला नुसतं फर्मान काढून मोकळं होता आलं नसतं? आमच्याकडे साखर कारखान्याचा चेअरमन कितीही दांडगा असला तरी वार्षिक सभेत 'मंजूर, मंजूर' म्हणवून घेतो. पण एकदा विषय सभेच्या इतिवृत्तात गेला की पुढच्या चेअरमनला तो फिरवायलाही सभेपुढेच यावं लागतं. तसलं काही आहे का हे?

आणि ११५ वर्षांनी, १६४९ मध्ये, त्याच पार्लमेंटने पहिल्या चार्ल्सचं मुंडकं उडवलं. मला या दोन गोष्टींचा संबंध आहे असं वाटतंय. जाणकारांनी सांगावं. हल्लीचं राजकारण मध्ये आणू नये, ही विनंती.

माहुलीच्या_बाई

तुमचा चेअरमन आवडला. मी साताऱ्यात शाळेत इतिहास शिकवायचे, आता निवृत्त आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी एक बारकावा. त्या कायद्यात 'आम्ही राजाला प्रमुख नेमतो' असं कुठेच नाही. राजा प्रमुख आहेच, आम्ही ते फक्त मान्य करतो, अशी त्याची भाषा. अधिकार देवाने दिलाय हे हेन्रीचं ठाम मत. पण तो न मानणाऱ्याला वधस्तंभावर न्यायचं तर तसं न मानणं हा राजद्रोह ठरवावा लागतो, आणि त्यासाठी कायदा हवा. तोही लगेच झाला. त्याच्याखाली १५३५ मध्ये टॉमस मोरचा शिरच्छेद झाला, हा माणूस हेन्रीचा चॅन्सेलर, म्हणजे मुख्य मंत्री, राहिलेला!

मठांचंही तेच. १५३६ ते १५४० या काळात सुमारे आठशे मठ बंद झाले, जमिनी राजाकडे आल्या आणि लढायांच्या खर्चापायी त्यातल्या बऱ्याचशा विकल्याही गेल्या. घेणारे कोण? परगण्यांतले जमीनदार. पार्लमेंटच्या खालच्या सभागृहात, कॉमन्समध्ये, बसायचे तेही हेच.

आता हेन्रीच्या मुलीकडे, मेरीकडे या. १५५३ मध्ये गादीवर आली, कट्टर कॅथलिक. 'चर्चची प्रमुख' हा किताब तिला नकोसा. पण तो कायद्यातून काढायला तिलाही पार्लमेंटच लागलं. आणि पोपला परत आणायला ते पार्लमेंट तयार झालं ते एका अटीवर: मठांच्या विकत घेतलेल्या जमिनींना हात लावायचा नाही. पोपचा प्रतिनिधी कार्डिनल पोल याला ते मुकाट कबूल करावं लागलं. पोप चालेल, सातबारा सोडणार नाही!

तिच्यामागून तिची प्रॉटेस्टंट बहीण एलिझाबेथ. पुन्हा सगळं उलट. १५५९ मध्ये नव्या उपासनापद्धतीचा कायदा वरच्या सभागृहात, लॉर्ड्समध्ये, मंजूर झाला तो २१ विरुद्ध १८ मतांनी. एकाही बिशपने बाजूने मत दिलं नाही, दोघे तर तेव्हा लंडनच्या टॉवर किल्ल्यात कैदेत होते. म्हणजे देशाने देवाची प्रार्थना कशी करायची हे तीन मतांनी ठरलं, तेही धर्माधिकाऱ्यांच्या विरोधात. वर्गात हा आकडा सांगितला की मागच्या बाकावरची पोरंसुद्धा मान वर करायची.

पंचवीस वर्षांत धर्म इतक्या वेळा फिरला आणि दर वेळी पार्लमेंटमधूनच फिरला. धर्म हा आपल्या सभागृहाचा विषय आहे, हे त्या घराण्यांच्या अंगवळणी पडलं. हेन्रीला हे अभिप्रेत नव्हतं.

तासगावकर

बाई, आदर आहे, पण धर्म वगैरे वरवरचं. चार्ल्सशी भांडण पैशाचं होतं. १६२९ ते १६४०, अकरा वर्षं त्याने पार्लमेंट बोलावलंच नाही. किनाऱ्यावरच्या गावांकडून आरमारासाठी घ्यायचा 'शिप मनी' आतल्या परगण्यांवरही लादला. जॉन हॅम्पडनने भरायचं नाकारलं, खटला चालला, बारापैकी सात न्यायाधीश राजाच्या बाजूने आणि पाच विरुद्ध. राजा जिंकूनही हरला, पुढे वसुलीच बसली. बाकी सगळं कीर्तन.

हळदवाला_सांगली

तासगावकर, मी पण हिशोबाचाच माणूस, म्हणून तुमच्याशी भांडायला मजा येते. अकरा वर्षं गाडी रेटली ना त्याने? मग अडली कुठे? स्कॉटलंडमध्ये. १६३७ मध्ये इंग्लंडच्या वळणाचं नवं प्रार्थनापुस्तक तिथल्या चर्चवर लादलं. एडिंबरोच्या सेंट जाइल्समध्ये वाचन सुरू होताच दंगा झाला, पुढच्या वर्षी स्कॉट लोकांनी धर्मरक्षणाच्या करारनाम्यावर सह्या केल्या. चार्ल्स फौज घेऊन गेला. १६४० मध्ये न्यूबर्नला मार खाल्ला आणि न्यूकॅसल शत्रूच्या ताब्यात गेलं. लंडनच्या चुलींचा कोळसा तिथूनच यायचा.

पुढचं मी दोनदा वाचलं. तहात ठरलं की ठाण मांडून बसलेल्या स्कॉट फौजेला रोज ८५० पौंड द्यायचे. रोज! घरात घुसलेल्याची खाणावळही यजमानानेच भरायची. तेवढी रक्कम पार्लमेंटशिवाय उभी राहणं अशक्य, म्हणून नोव्हेंबर १६४० मध्ये ते भरवावं लागलं. पैशाची अडचण खरीच, पण ती आली कुठून? प्रार्थनापुस्तकातून.

माहुलीच्या_बाई

अडतवाले, बरोबर पकडलंत. फक्त 'पार्लमेंटने मुंडकं उडवलं' हे तुमचं वाक्य मला दुरुस्त करू द्या.

पार्लमेंटच्या सैन्याशी झालेल्या यादवी युद्धात हरून १६४८ च्या शरदात राजा वाइट बेटावर नजरकैदेत होता आणि तिथल्या न्यूपोर्ट गावात पार्लमेंटचे लोक त्याच्याशी तहाची बोलणी करत होते. सैन्याचा ताबा वीस वर्षांसाठी सोडायला चार्ल्स कबूल झाला. तासगावकर, सैन्य! राजाकडचं खरं बळ तेच. पण बिशपांची व्यवस्था कायमची मोडायला तो तयार होईना. तीन वर्षं बाजूला ठेवतो म्हणाला, त्यापुढे नाही. भांडण नुसतं पैशाचं असतं तर तिथेच मिटलं असतं.

तरीही ५ डिसेंबरला कॉमन्सने १२९ विरुद्ध ८३ मतांनी ठरवलं की राजाच्या उत्तरावर पुढे बोलता येईल. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सैन्याचा कर्नल प्राइड शिपाई घेऊन सभागृहाच्या दारात उभा, हातात नावांची यादी. नको असलेले सभासद बाहेरच अडवले. उरलेल्यांनी खटल्याचं न्यायालय नेमलं, लॉर्ड्सनी नकार दिला तर त्यांना वगळून. मृत्युदंडाच्या हुकमावर ५९ सह्या आहेत. ३० जानेवारीला व्हाइटहॉलला जे झालं ते सैन्याने केलं, पार्लमेंटच्या नावावर. कोणत्या अधिकाराने मला इथे आणलंत, हा चार्ल्सचा न्यायालयातला प्रश्न अगदी बिनतोड होता. माणूस हेकट, पण त्या दिवशी कायदा त्याच्या बाजूने होता.

कास_रोड

मस्त धागा. एक शंका. १६८८ नंतरचा इंग्लंडचा राजा आणि शाहू महाराजांनंतरचे आमच्या साताऱ्याचे छत्रपती, एकच प्रकार ना? नाव राजाचं, कारभार दुसऱ्याचा?

माहुलीच्या_बाई

वरून तसं दिसतं. पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची, १७५० च्या सांगोल्याच्या करारानंतर कारभार मात्र पुण्याहून. पण इथे सत्ता एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे, त्याच्या घराण्याकडे गेली. तिकडे ती सभागृहाकडे गेली. चार्ल्सचा मुलगा दुसरा जेम्स पुढे राजा झाला, तो कॅथलिक, त्याला मुलगा झाला आणि कॅथलिक घराणंच कायम होणार हे दिसल्यावर १६८८ मध्ये त्याच्या प्रॉटेस्टंट जावयाला, हॉलंडच्या विल्यमला, बोलावलं गेलं. १६८९ च्या कायद्याने कॅथलिकाला किंवा कॅथलिकाशी लग्न केलेल्याला गादी बंद झाली. १७०१ च्या कायद्याने वारसा जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या प्रॉटेस्टंट सोफियाकडे वळवला, म्हणून १७१४ मध्ये रक्ताने जवळचे पन्नासहून अधिक कॅथलिक नातेवाईक ओलांडून तिचा मुलगा पहिला जॉर्ज आला. ज्या सभेकडून हेन्रीने 'मी धर्माचा प्रमुख' हे लिहून घेतलं, तीच आता राजाचा धर्म कोणता हे लिहून देत होती.

आपल्याकडे धर्माचे वाद नव्हते असं मात्र नाही. प्रतापसिंह महाराजांच्या वेळी साताऱ्यात वेदोक्ताचा, म्हणजे वैदिक मंत्रांनी संस्कार करण्याच्या अधिकाराचा, वाद पेटला, अडतवाल्यांच्या सांगलीचे चिंतामणराव पटवर्धन विरुद्ध बाजूला. पंडितांचा वादविवाद झाला, शास्त्रार्थ झाले. पण मतं मोजून कायदा करणारी सभा इथे कुठे होती?

हळदवाला_सांगली

बाई, गाठ सुटली. चिंतामणरावांचं मात्र माहीत नव्हतं, आमच्या गावात त्यांचं नाव फक्त गणपतीच्या देवळाबरोबर घेतात. शेवटचं एकच विचारतो. ती कॅथलिकची अट अजून आहे का हो?

माहुलीच्या_बाई

अर्धी आहे. २०१३ मध्ये पार्लमेंटने कायदा बदलला, २०१५ पासून तो लागू झाला. आता वारसाने कॅथलिकाशी लग्न केलं तर गादी जात नाही. स्वतः कॅथलिक झाला तर आजही जाते.