'विवाह' की 'लग्न'?

वर्तमानपत्रांत 'समलिंगी विवाह' रुळलाय, पण माझ्या मते तिथे 'लग्न' जास्त नेमका बसतो. आमच्या दर्यापूरकडच्या मावशीमुळे मी या शब्दांकडे नीट पाहायला लागले.

मावशी आणि तिची सोबतीण बावीस वर्षं एका घरात राहतात. चार एकर कपाशी, दोन म्हशी. गाव त्यांना 'त्या दोघी' म्हणतं. 'मैत्रिणी' कमी पडतं आणि 'बहिणी' खोटं ठरतं, म्हणून सर्वनामावर भागवायचं. मावशीच्या ऑपरेशनच्या वेळी दवाखान्याच्या अर्जात 'रुग्णाशी नाते' या रकान्यापाशी सोबतिणीचा पेन अडला. मागे रांग. शेवटी तिनं 'बहीण' लिहिलं, आणि घरी येऊन खूप रडली. तेव्हापासून दोघी उघड बोलायला लागल्या. आधी बचत गटात, मग तालुक्याच्या मेळाव्यात, पुढे नागपूरच्या मोर्चातही.

आता व्युत्पत्ती. 'विवाह'मध्ये वि + वह्, म्हणजे वाहून नेणं: मुलीला माहेराहून नेतात. 'परिणय'मध्येही नेणंच आहे. 'लग्न' मात्र लग् धातूवरून आलेलं, अर्थ जडलेलं, लागलेलं. कोण कुणाला नेतं, हा प्रश्नच त्यात नाही. ('लग्न लागलं' म्हणतो तेव्हा तोच धातू आपण दोनदा उच्चारतो!)

१७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं अशा विवाहाला मान्यता द्यायला नकार दिला. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यात बदल करायचा तर तो संसदेनं करावा, असं म्हटलं. त्यानंतर एका बैठकीत कुणीतरी मावशीला विचारलं, 'सहजीवन' असा वेगळा शब्द काढला तर चालेल का? ती म्हणाली, "माह्या आजीचा पाट लागला होता. मरेपर्यंत लोकं तिले 'पाटाची'च म्हनत. आमाले दुसरा शब्द नोको, लगनच पायजे."

पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. रूढीला मान्य, पण मान पहिल्या लग्नाचा नाही. शब्द वेगळा काढला की पायरीही वेगळी होते, हे तिनं घरातच पाहिलं होतं. त्यामुळे मला तिचं म्हणणं पूर्ण पटतं.

'जोडीदार' तो आणि ती दोघांनाही चालतो, पण मावशीच्या तोंडी तो बसत नाही. ती 'सोबतीन'च म्हणते. तुमच्याकडे, झाडीपट्टीत किंवा यवतमाळकडे, याला आणखी कोणता शब्द आहे?