एस्सेलवर्ल्ड बंद झाल्याबद्दल गोराई-बोरिवलीच्या रहिवाशांना काय वाटते?

कृष्णाकाठ (प्रश्न)

नमस्कार. 1996 साली आमच्या सांगलीजवळच्या शाळेची सहल दोन एसटी गाड्यांतून मुंबईला गेली होती. सहलीच्या पत्रकात गेटवे, राणीची बाग आणि तारापोरवाला मत्स्यालय यांच्या खाली, सर्वांत शेवटी, गोराईच्या एस्सेलवर्ल्ड या मनोरंजन उद्यानाचे नाव होते. परंतु ज्यांनी ज्यांनी घरी हट्ट करून पैसे आणले होते, त्यांनी ते त्या शेवटच्या नावासाठीच आणले होते. दूरदर्शनवर जाहिरात पाहून आम्हाला ते गाणे पाठ झाले होते आणि आपण आता खरोखरच तिथे जाणार, यावर बोटीत बसेपर्यंत माझा विश्वास नव्हता. समुद्र मी त्याच दिवशी प्रथम पाहिला. (ती खाडी होती, समुद्र नव्हे, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले.)

या दिवाळीत मुलांना घेऊन मुंबईला जाण्याचा बेत करत असताना कळले की, शेजारचे वॉटर किंगडम हे पाण्याचे उद्यान सुरू असले तरी एस्सेलवर्ल्ड 2022 पासून सर्वसामान्यांसाठी बंद आहे. ते ऐकून मला जे वाटले ते सहलीला आलेल्या माणसाचे वाटणे आहे आणि त्याला फारसे मोल नाही, हे मी जाणतो. मला विचारायचे आहे ते तिथे राहणाऱ्यांना. ज्यांच्या खिडकीतून, जेटीवरून किंवा शेतातून ते पाळणे रोज दिसत होते, त्यांना या बंद होण्याबद्दल काय वाटते? गावातील रोजगाराचे आणि बोटींचे काय झाले? की बाहेरच्यांना जेवढी हळहळ वाटते, तेवढी तिथे कोणाला वाटतच नाही?

बोरिवलीकर

आमचे घर गोराई जेटीपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, त्यामुळे मी उत्तर द्यायला हरकत नसावी. एस्सेलवर्ल्ड 1989 साली सुरू झाले, त्या वेळी बोरिवली पश्चिमेचा खाडीकडचा भाग मुंबईकरांच्या दृष्टीने जवळजवळ जगाचे टोक होता. दादर-गिरगावातल्या नातेवाइकांना आमचा पत्ता समजावून सांगताना नाकी नऊ येत असत. एस्सेलवर्ल्ड झाल्यावर मात्र ‘एस्सेलवर्ल्डच्या बोटी सुटतात ना, त्याच्या अलीकडे’ एवढे म्हटले की काम होत असे. मे महिन्यात आणि नाताळच्या सुट्टीत सकाळी स्थानकाबाहेर रिक्षांसाठी लागलेल्या रांगा, जेटीवर काकडी, कैरी आणि टोप्या विकणाऱ्यांची गर्दी, संध्याकाळी भिजलेल्या कपड्यांनी परतणारी आणि आईच्या खांद्यावर झोपलेली मुले, हे सगळे आम्ही इतकी वर्षे पाहिले की त्यात पाहण्यासारखे काही आहे असे कधी वाटले नाही.

हे उद्यान बंद झाले ते कोणत्या दिवशी, हे मला सांगता येणार नाही, आणि मला खटकते ते नेमके हेच. मार्च 2020 मध्ये टाळेबंदीमुळे सगळेच बंद झाले, तसे तेही झाले. पुढे काही उघडले, काही मिटले, कोणी तात्पुरते म्हणाले, कोणी दुरुस्ती म्हणाले, आणि मग एके दिवशी लक्षात आले की आता त्याबद्दल कोणी विचारतसुद्धा नाही. आमच्या इमारतीतल्या एका आजोबांनी नातवाला ‘पुढच्या वर्षी नेतो’ असे तीन वर्षे सांगितले. तो नातू आता बारावीत आहे आणि त्याला जायचेही नाही.

बोटी मात्र चालू आहेत. पलीकडे जागतिक विपश्यना पॅगोडा आहे आणि उन्हाळ्यात वॉटर किंगडमची गर्दी असते. फरक एवढाच की रिक्षावाले पूर्वी ‘एस्सेलवर्ल्ड, एस्सेलवर्ल्ड’ असे ओरडत, ते आता ‘पॅगोडा’ म्हणतात.

खाजणातला

मी गोराई गावचा, म्हणजे खाडीच्या पलीकडचा. बोरिवलीकर ज्याला पलीकडे म्हणतात ते आमच्यासाठी अलीकडे आहे, तेव्हा माझे उत्तर थोडे निराळे येईल.

आपण विचारले आहे की हळहळ वाटते का. मी एस्सेलवर्ल्डच्या आत आयुष्यात तीन वेळा गेलो, आणि तिन्ही वेळा वसईहून आलेल्या पाहुण्यांना दाखवायला म्हणून गेलो. गावातल्या पुष्कळांचे असेच आहे. आम्ही त्याच्याकडे बाहेरून पाहिले: भाजीच्या वाडीतून दिसणारे झिप्पर डिप्पर या रोलर कोस्टरचे लोखंडी वळण, वारा पश्चिमेचा नसला की ऐकू येणाऱ्या किंकाळ्या, आणि रात्री खाडीच्या पाण्यात पडलेला दिव्यांचा उजेड. माझ्या आईला मिणमिणत्या दिव्याखाली सुकी मासळी निवडताना त्या उजेडाचा राग येत असे. आता तो उजेड नाही, तर ती म्हणते की काळोख फार झाला.

रोजगाराबद्दल बोलायचे तर गावातली मुले तिकीटखिडकीवर, सुरक्षेसाठी, बोटींवर आणि उपाहारगृहांत कामाला होती. शिक्षण दहावी-बारावीपर्यंत, घरची थोडी मासेमारी आणि थोडी शेती, अशा घरातल्या मुलाला खाडी न ओलांडता मिळणारी पगाराची नोकरी म्हणजे काय, हे शहरात राहून कळत नाही. ज्याला बोरिवलीत किंवा मालाडला कामाला जायचे आहे, त्याला रोज बोट, मग बस किंवा रिक्षा, मग लोकल, आणि परतताना शेवटची बोट चुकली तर भाईंदरवरून उत्तनमार्गे रस्त्याने मोठा वळसा. गोराई मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीत आहे, तरी खाडीवर आजही पूल नाही. एवढे मोठे आकर्षण तीस वर्षे गावात राहिले आणि गावाला पूल मिळाला नाही, यावर आमच्याकडची म्हातारी माणसे हसतात. अर्थात पूल हवा की नको, यावरही गावात एकमत नाही; पूल आला की बिल्डर आलाच, असे मानणारे पुष्कळ आहेत.

इथेच दुसरी बाजू येते, आणि ती सांगितल्याशिवाय उत्तर पुरे होणार नाही. गोराई, मनोरी, कुळवेम, उत्तन या सगळ्या पट्ट्याला जुन्या कागदपत्रांत धारावी बेट म्हणतात (झोपडपट्टीच्या धारावीशी याचा संबंध नाही, हे प्रत्येक वेळी सांगावे लागते). इथे ईस्ट इंडियन (मुंबई परिसरातले मूळचे मराठीभाषक ख्रिस्ती) आणि कोळी समाजाची जुनी वस्ती आहे, आणि जमिनीचा प्रश्न इथे उद्यानापेक्षा फार मोठा आहे. 2000 नंतरच्या दशकात या पट्ट्यात पर्यटन आणि मनोरंजनाचे विशेष आर्थिक क्षेत्र उभारण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा गावे एकत्र आली आणि चर्चच्या आवारात सभा झाल्या. त्या दिवसांत एकाच घरातला एक भाऊ उद्यानात कामाला आणि दुसरा मोर्चात, असे चित्र होते. आणि रात्री दोघे एकाच ताटलीतले बोंबील खात होते. म्हणून उद्यान बंद झाल्याचे कळल्यावर गावात पहिला प्रश्न कोणी पाळण्यांबद्दल विचारला नाही. पहिला प्रश्न होता, ‘आता त्या जागेचे काय करणार?’

त्या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत हळहळायचे की सुटकेचा श्वास टाकायचा, हे आम्ही ठरवलेले नाही.

यमुनापार

मी दिल्लीत वाढलेला मराठी माणूस आहे. बोरिवलीकरांनी लिहिलेले ‘कोणत्या दिवशी’ हे शब्द वाचून राहवले नाही. आमच्याकडे प्रगती मैदानात अप्पू घर हे मनोरंजन उद्यान होते. 1982 च्या आशियाई खेळांचे बोधचिन्ह असलेल्या अप्पू हत्तीचे नाव त्याला दिले होते आणि ते नोव्हेंबर 1984 मध्ये सुरू झाले. जागेची मुदत संपली, ती जमीन सर्वोच्च न्यायालयाच्या विस्तारासाठी आणि मेट्रोसाठी हवी होती, आणि फेब्रुवारी 2008 मध्ये ते बंद झाले. पण ते बंद होणार हे सर्वांना ठाऊक होते. शेवटच्या दिवसांत बाबांनी मला, वय चोवीस असताना, हाताला धरून नेले होते. रांग मोठी होती आणि रांगेत लहान मुलांपेक्षा मोठी माणसे अधिक होती. निरोप घेता आला की माणूस पुढे त्याबद्दल फार बोलत नाही, असा माझा अनुभव आहे.

नटबोल्ट

मनोरंजन उद्यानांच्या देखभालीत मी अठरा वर्षे काढली आहेत. एस्सेलवर्ल्डमध्ये नव्हे, दुसऱ्या राज्यात, पण तेही समुद्राजवळच. ‘तात्पुरते बंद’ हे शब्द लोकांना फसवे वाटतात, त्यामागची यंत्रांची बाजू सांगतो.

मोठा पाळणा किंवा रोलर कोस्टर रोज चालवला तरच धडधाकट राहतो. सकाळी दारे उघडण्यापूर्वी देखभालीची माणसे रुळावरून चालत जाऊन नटबोल्ट, चाके आणि ब्रेक तपासतात, मग रिकाम्या गाडीची फेरी होते, काही ठिकाणी वाळूची पोती ठेवून भाराची फेरी होते, आणि नोंदवहीत सह्या झाल्याशिवाय माणूस बसवत नाहीत. खाडीकाठी याच्या जोडीला खारा वारा असतो. मिठाचा थर लोखंडावर बसतो, रंगाखाली ओल शिरते आणि बाहेरून ठीक दिसणारा सांधा आतून खाल्ला जातो. म्हणून ठरावीक काळाने रंग खरवडून सांध्यांची चुंबकीय किंवा ध्वनिलहरींची तपासणी करावी लागते. आता अशी यंत्रे मुंबईच्या दोन पावसाळ्यांत न चालवता उभी ठेवा. बेअरिंगमधले वंगण घट्ट होते, विजेच्या पेट्यांत ओल जाते, उंदीर तारा कुरतडतात. सुटे भाग परदेशी असतील तर मूळ कारखाना तोवर बंदही झालेला असतो. तीस वर्षांचा पाळणा दोन वर्षे थांबला की त्याला पुन्हा सुरू करण्याचा खर्च नव्याच्या खर्चाजवळ जाऊन पोहोचतो, आणि मग हिशेब करणारा माणूस पेन खाली ठेवतो.

वॉटर किंगडम 1998 मध्ये आले, म्हणजे कोरड्या उद्यानापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. पण मुख्य फरक वयाचा नाही. घसरगुंडी फायबरची असते, तिचे हलणारे भाग म्हणजे पंप, आणि पंप दादर-कुर्ल्यातही दुरुस्त होतो. शिवाय उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत पाण्याचे उद्यान वर्षभराचे पैसे मिळवून देऊ शकते. कोरड्या उद्यानाला मात्र शाळांच्या सहली, दिवाळी आणि नाताळ यांवर वर्ष काढावे लागते, आणि माणसांचे पगार बारा महिने द्यावे लागतात.

कराचाही बोजा होता. जुलै 2017 मध्ये जीएसटी आला तेव्हा मनोरंजन उद्यानांच्या तिकिटावर 28 टक्के कर होता, तो जानेवारी 2018 मध्ये 18 टक्क्यांवर आला. 2013 मध्ये खोपोलीजवळ इमॅजिका हे मनोरंजन उद्यान सुरू झाल्यावर पुणे-सातारा-सांगलीकडच्या सहलींना द्रुतगती मार्गावरच थांबा मिळाला. त्यांना मुंबई ओलांडून, खाडी ओलांडून गोराईला येण्याचे कारण उरले नाही. प्रश्नकर्त्यांनी आपल्या शाळेत चौकशी करावी, आजच्या सहली कुठे जातात ते कळेल.

बोरिवलीकर

नटबोल्ट यांचे सहलींबद्दलचे म्हणणे पटते. पूर्वी जानेवारीत आमच्या रस्त्यावर पहाटे एसटी गाड्या उभ्या असत आणि नळावर मुले दात घासत असत. त्या गाड्यांवरच्या पाट्या वाचून मी महाराष्ट्राचा निम्मा भूगोल शिकलो. पारनेर, जत, मंगळवेढा. त्या गाड्या कमी होत गेल्या त्या टाळेबंदीच्या कितीतरी आधीपासून. आम्हीच पाहिले नाही.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. शाळेत चौकशी केली. गेली आठ वर्षे सहल खोपोलीलाच जाते. त्याआधीचे रजिस्टर मिळाले नाही.

खाजणातला यांना एक विनंतीवजा प्रश्न आहे. मुलांना निदान ती खाडी आणि ती बोट दाखवावी, पॅगोडा पाहावा आणि गावात थोडे हिंडून परत यावे, असा विचार आहे. उद्यानाच्या फाटकापाशी फोटो काढण्याचा माझा हेतू होता, परंतु आपले उत्तर वाचल्यावर तो बरा वाटत नाही. असे हिंडणाऱ्यांचा गावाला त्रास होतो का?

खाजणातला

त्रास कसला, या की. फाटकाचा फोटोही खुशाल काढा. बोरिवलीहून यायचे असेल तर गोराई जेटीवर या. मालाडकडून येणार असाल तर स्थानकाबाहेर 272 क्रमांकाची बस मार्व्याला सोडते आणि तिथून मनोरीची बोट मिळते. मनोरीकडून गोराईला येताना वाटेत भाजीच्या वाड्या लागतात, तो रस्ता मुलांना आवडेल. भरती-ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवा; ओहोटीला पायऱ्यांवर शेवाळ असते आणि चपला हातात घ्याव्या लागतात. दुपारी आलात तर आई घरीच असते. आमचे घर चर्चच्या मागच्या गल्लीत आहे. सुकी मासळी वाळत घातलेली दिसली की विचारा.