हृदयावरणदाह (हृदयाभोवतीच्या आवरणाची सूज): दुखणे थांबल्यावर कोल्चिसिन बंद करावे का? (मदत हवी आहे)

नमस्कार. ठाण्यात नौपाड्याला राहणाऱ्या माझ्या धाकट्या भावासाठी (वय ३४, वजन ६१ किलो) सल्ला हवा आहे.

सर्दी-ताप उतरल्यावर चार-पाच दिवसांनी त्याच्या छातीत मधोमध कळ येऊ लागली. आडवे झाले किंवा खोल श्वास घेतला की ती वाढे, आणि उशी मांडीवर घेऊन पुढे वाकून बसले की कमी होई. जवळच्या डॉक्टरांनी पित्त समजून गोळ्या दिल्या आणि दोन रात्री त्याने बसून काढल्या. बसल्यावर बरे वाटणे हीच या आजाराची खूण आहे, हे आम्हांला तेव्हा ठाऊक नव्हते, याची मला अजून बोचणी आहे. तिसऱ्या दिवशी काढलेल्या ईसीजीत जवळजवळ सर्व लीडमध्ये (आलेखाच्या वेगवेगळ्या नोंदींत) एसटी हा भाग उंचावलेला दिसला, सीआरपी (रक्तातील सुजेचे माप) वाढलेले होते, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाल्यास रक्तात वाढणारे प्रथिन) मात्र सामान्य होते आणि टूडी एकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाभोवती थोडे पाणी आढळले. आई हार्ट अटॅकच समजून बसली होती. अटॅकमध्ये असे बदल बहुधा एका रक्तवाहिनीच्या हद्दीपुरते दिसतात, इथे आवरणच सुजल्यामुळे ते सगळीकडे आहेत, असे हृदयरोगतज्ज्ञांनी तिला समजावले.

आयब्युप्रोफेन (वेदना व सूज कमी करणारे औषध) दोन आठवडे पूर्ण मात्रेत दिले, आता ते कमी करत आणले आहे. त्याबरोबर कोल्चिसिन (हेही सूज कमी करणारे औषध) ०.५ मिग्रॅ सकाळ-संध्याकाळ तीन महिने घ्यायचे आहे. दुखणे आठवडाभरातच थांबले, परंतु कोल्चिसिनमुळे दिवसाला चार-पाच जुलाब होतात. त्यातच हे गाऊटचे (सांधे सुजण्याच्या एका आजाराचे) औषध आहे असे कुणीतरी सांगितल्यापासून तो ते सोडून देण्याच्या गोष्टी करतो. एक नातेवाईक स्टेरॉइडने लवकर गुण येईल म्हणतात. उपवनला पुन्हा धावायला जाण्याचीही त्याला घाई आहे. पुढची तपासणी बारा दिवसांनी आहे. तोवर काय करावे?

प्रतिसाद (मी फिजिशियन आहे, नवी मुंबई):

आपण होऊन बंद करू नका. वेदना थांबली तरी सूज आतून धुमसत राहू शकते आणि या आजाराचा खरा त्रास तो उलटण्यात असतो. इटलीत २४० रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, नेहमीच्या औषधांना कोल्चिसिनची जोड मिळालेल्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत आजार रेंगाळला किंवा उलटला. जोड न मिळालेल्यांत हे प्रमाण सुमारे ३८ टक्के होते. त्याच चाचणीत ७० किलोपर्यंत वजन असलेल्यांना ०.५ मिग्रॅ दिवसातून एकदाच दिले होते. आपल्या भावाचे वजन ६१ किलो आहे, म्हणून मात्रा निम्मी करता येईल का, हे बारा दिवस न थांबता फोनवर विचारा. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक चालू असल्यास तेही आवर्जून सांगा, कारण त्याने कोल्चिसिन अंगात साचते.

विशिष्ट कारण नसताना स्टेरॉइड सुरुवातीलाच दिल्यास आजार उलटण्याची शक्यता वाढते. धावणे, दुखणे नसले तरी, सीआरपी, ईसीजी आणि एको पूर्ववत झाल्याचे डॉक्टरांनी सांगेपर्यंत नको.

आपल्याकडे या आजारामागे क्षयरोग आहे का, याचा विचार नेहमी करावा लागतो. भावाचे दुखणे एकाएकी आले आणि लवकर उतरले, हे त्याच्या विरोधात जाते. तरीही संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम किंवा वजन घटणे दिसल्यास लगेच सांगा. धाप लागली, चक्कर आली किंवा मानेच्या शिरा फुगल्या तर पाणी वाढून हृदय दाबले जात असू शकते. तेव्हा थेट आपत्कालीन विभागात न्यावे.

धागाकर्ता: मनापासून आभार. आज दवाखान्यात फोन केला. वजन पुन्हा विचारून त्यांनी गोळी रात्री एकदाच घ्यायला सांगितली आहे आणि क्रिएटिनिनची (मूत्रपिंडाचे काम पाहणारी) तपासणी उद्या सकाळी आहे. मुदत मात्र तीन महिन्यांचीच ठेवली आहे, आणि भावानेही ते मान्य केले आहे.