मोठ्या खाऱ्या पाण्याच्या टाकीसाठी मोकळ्या पाण्यात सतत पोहणारे मासे कोणते निवडावेत?

नमस्कार मंडळी,

माझी खाऱ्या पाण्याची टाकी २४० सेंमी लांब, ९० सेंमी रुंद आणि ७० सेंमी उंच आहे; खडक आणि वाळू वजा जाता तिच्यात अंदाजे १३०० लिटर पाणी राहते. खडकांचे दोन वेगळे ढीग दोन टोकांना रचून मधला भाग मुद्दाम मोकळा ठेवला आहे. विशिष्ट गुरुत्व १.०२५ आणि तापमान २५ ते २६ अंश सेल्सिअस असे स्थिर आहे. सध्या टाकीत क्लाउनफिशची एक जोडी आणि काही पायजमा कार्डिनल आहेत, पण क्लाउनफिश आपला कोपरा सोडत नाहीत आणि कार्डिनल दिवसभर खडकाच्या कपारीपाशी एकाच जागी तरंगत राहतात. त्यामुळे टाकीचा सर्वांत चांगला भाग रिकामाच दिसतो. दिवे लागल्यापासून मालवेपर्यंत मधल्या पाण्यात वावरणारे, तरीही प्रवाळांना आणि कोळंब्यांना त्रास न देणारे मासे मला हवे आहेत.

माझा सर्वाधिक ओढा लायरटेल अँथियासकडे आहे. निसर्गात हे मासे प्रवाळाच्या उतारावर प्रवाहाकडे तोंड करून वाहत येणारे प्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव) टिपत असतात, म्हणूनच मोकळ्या पाण्यात त्यांचा थवा इतका शोभतो. एक नर आणि सहा-सात माद्या एकत्र सोडाव्यात, असा विचार आहे. नर दगावला तर थव्यातली वरचढ मादी नर होते, हेही ठाऊक आहे. काळजी आहे ती खाण्याची. त्यांना दिवसातून अनेकदा थोडे थोडे खायला लागते, आणि मायसिस, कोपेपॉड असे खाद्य वारंवार टाकले की नायट्रेट आणि फॉस्फेट वाढणारच. ज्यांनी असा थवा दोन-तीन वर्षे सांभाळला आहे, त्यांनी दिवसातून किती वेळा खाऊ घातले आणि दबलेल्या माद्यांची पोटे खपाटीला जाऊ नयेत म्हणून काय केले, हे कृपया सविस्तर सांगावे.

हिरव्या क्रोमिसचा थवा सुचवला जातो, पण टाकीत ते एकमेकांना टोचत राहतात आणि एकेक करून कमी होतात, असे अनेकांचे अनुभव वाचल्यामुळे मी ते तूर्त बाजूला ठेवले आहेत.

जेनिकँथस एंजलफिश मला फार योग्य वाटतो. इतर बरेचसे एंजलफिश प्रवाळ किंवा स्पंज कुरतडतात. हा मात्र मुख्यतः प्लवक खातो आणि खडकापासून दूर, वरच्या पाण्यात पोहतो. लामार्क जातीचा एक नर आणि दोन माद्या या टाकीत सुखाने राहतील का? अँथियासच्या थव्याशी त्यांची खाण्यावरून ओढाताण होते का?

टँग जातीच्या माशांशिवाय अशी टाकी पूर्ण वाटत नाही. पिवळा टँग सुमारे २० सेंमीपर्यंत वाढतो, त्यामुळे तो चालेल. सोहल टँग त्याच्या भांडखोर स्वभावामुळे नको आणि ४५ सेंमीपर्यंत वाढणाऱ्या नासो टँगला ही लांबीसुद्धा अपुरी पडेल, असे माझे मत आहे. पिवळ्या टँगसोबत वेगळ्या ठेवणीचा, शेवाळाचा पातळ थर खरवडून खाणारा कोले टँग ठेवल्यास भांडणे कमी होतील का? पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला टँग लवकर बळी पडतात आणि मुख्य टाकीत तांब्याचे औषध वापरले तर प्रवाळ व कोळंब्या मरतात, म्हणून प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत ठेवूनच आणणार आहे.

याशिवाय फेअरी रासचा एक नर घ्यावा असे वाटते. हे मासे बिचकले की उडी मारतात, त्यासाठी टाकीवर बारीक जाळीचे झाकण बसवले आहे.

मासे सोडण्याचा क्रम मी आधी अँथियास, मग जेनिकँथस, त्यानंतर फेअरी रास आणि शेवटी दोन्ही टँग एकाच वेळी, असा ठरवला आहे. यात काही बदल सुचवाल का, आणि दोन टप्प्यांमध्ये किती आठवड्यांचे अंतर ठेवावे?